नंदाच्या अंबाड्यातली माळ

सगळ्यांना जय भीम, नमस्कार. मला ल्हिता यितं ते सहीपुरतं. मी बोलतीया आनि माज्या लेकीची लेक प्रज्ञा मोबाईलवर टाइप करतीया. ती तुमच्या ह्या पानावरचं अनुभव मला वाचून दावती. कुनाला जिन्यात बाई दिसली, कुनाच्या सैपाकघरात भांडी वाजली. मी हसायची. भांडी वाजली तर मांजर आसंल की, म्हनायची. आमी बौद्ध मानसं. आमच्यात अंगात येनं न्हाय, उतारा न्हाय, लिंबू-मिरची न्हाय. आमचं मालक सूतगिरनीत हुतं. त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्सी माज्या सासूच्या उशाखालचा अंगारा उचलून मोरीत टाकला. तवापासनं आमच्या घरात ह्या गोष्टीला जागा न्हाय.

तरी पन चाळीस वर्सं मी काविळीची माळ देत हुते...

आता तुमी म्हनाल म्हातारी दोन तोंडानं बोलती. तर आदी माळ म्हंजे काय ते सांगते.

घेटुळी म्हनून एक झाड आसतं. झाड कसलं, भुईला पसरनारी येल, तांबड्या देठाची. रस्त्याकडंला, पडक्या जाग्यात कुटं बी उगवती. तिचं देठ आनून बोटाच्या पेराएवढं तुकडं करायचं. मनी ववतो तसं त्याला भोक पाडायचं न्हाय. दोऱ्याचा फास करून तुकड्याच्या कमरंला आवळायचा, मंग दुसरा फास, दुसरा तुकडा. आसं एकवीस. शेवटाला दोन टोकं बांदून गोल करायचा. घागरीखाली डोक्यावर चुंबळ घेतो, तेवडा गोल हुतो. तो काविळीच्या मानसाच्या डोक्यावर ठिवायचा. दुसऱ्या दिसापासनं माळ वाढाय लागती. कपाळावर यिती, कानावरनं गळ्यात पडती, मंग छातीवर, मंग कमरंवर. मानसं म्हनत्यात, माळंनं कावीळ उतरवली.

ह्यात काय बी जादू न्हाय. देठ वाळतं, बारीक हुतं, फास सैल पडतो, फासातला दोरा सुटतो आनि माळ लांब हुती. येवडंच. मला हे मालकांनी दावलं. सासू गेल्यावर ह्ये काम माज्याकडं आलं, तवा ते म्हनले, एक माळ मानसाला दे आनि एक भित्तीच्या खिळ्याला लाव. लावली. पाच दिसांत खिळ्याची माळ बी तेवडीच वाढली. मालक हासून म्हनले, "खिळा बी बरा झाला बग तुजा."

मंग देत का ऱ्हायले? धीरासाठनं. कावीळ झालेलं मानूस भ्यालेलं आसतं. आरशात बगतं, डोळं पिवळं, नखं पिवळी, अन्न बगितलं की उलटी. त्याला रोज कायतरी उतरताना दिसलं तर ते दोन घास जास्त खातं, हे मी माज्या डोळ्यांनी बगितलंय. आलेल्या परत्येकाला मी सांगायची – आदी डाक्टरकडं जा, रगात तपासा, त्यांच्या गोळ्या घ्या, पानी उकळून प्या, आनि ही बी आसू द्या डोक्यावर. मालकांची तशी अटच हुती. पन काडी वाळती म्हनून माळ वाढती, हे मी चाळीस वर्सांत एकाला सांगितलं न्हाय. आमच्या घरात फकस्त मालकांना आनि मला ठाव. पोरांना बी न्हाय. मालक गेलं, मंग मी एकलीच.

सासूची एक अट हुती. दोन जिवांच्या बाईला माळ द्यायची न्हाय. आनि तिच्यासमोर ह्या अटीची गोष्ट बी काडायची न्हाय. का, म्हनून मी इचारलं. ती म्हनली, मला बी कुनी सांगितलं न्हाय. मी पाळली, पन मी माजा आर्त लावला. पोटुशी बाईला कावीळ म्हंजे लई वंगाळ. तिचा येळ माळंत जायला नगं, तडक मोठ्या दवाखान्यात जायला पायजे, म्हनून ही अट आसंल. लई जनींना मी दारातनंच रिक्षात बसवून धाडलंय.

आता नंदाचं सांगते.

नंदा माजी सून, महानंदा. मैंदर्गीकडची. तिची आई तिच्या ल्हानपनीच गेल्ती, आजीनं वाढवली. मराठी बोलायची ती कानडीचा सूर लावून, आनि घाई झाली की निम्मं कानडीच. माजा ल्योक मिलिंद तिची लई नक्कल करायचा. ती म्हनायची, तुमची मराठी तरी कुटं कुनाला कळती. मला आत्या म्हनायची. अक्कलकोट रोडला टावेलाच्या कारखान्यांच्या मागं आमचं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. मी तीस वर्सं टावेलाच्या कडा शिवल्या, मिलिंद तितल्याच मालाचा टेंपो चालवतो. लग्नाला पाच वर्सं झाल्यावर नंदाला दिस गेलं. आठवा म्हैना लागला हुता.

त्या उन्हाळ्यात नळाला पाचव्या दिशी पानी यायचं आनि आलं तर गढूळ, वास मारायचं. आमी तुरटी फिरवायचो, फडक्यानं गाळायचो. गल्लीत मानसं पिवळी पडाय लागली. माज्या दारात रोज कोन ना कोन. मी सकाळीच चार-पाच माळा बांदून वल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठिवायची, म्हंजे त्या हिरव्या ऱ्हात्यात.

तेवड्यात केम गावाहून लेकीचा फोन आला. ही प्रज्ञा आता टाइप करतीया ना, तिची आई. गोठ्यात पाय घसरून मोडला हुता. मला चार दिस जावं लागलं. जाताना मी नंदाला म्हनले – कोन आलं तर फडक्यातली एक दे, डोक्यावर ठिव, दवाखान्यात जा म्हनून सांग. तिच्यासमोर अट बोलायची न्हाय म्हनून अट सांगितली न्हाय. आनि काडी वाळती ते तर कुनालाच सांगत न्हवते. आसं दोन्ही बाजूंनी माजं तोंड गप हुतं.

पाचव्या दिशी दुपारच्या गाडीनं मी परत आले. नंदा उंबऱ्यात बसली हुती. मला बगून उठली, हासली, आनि पदर बाजूला करून म्हनली –

"आत्या, बगा की. गळ्याच्या बी खाली आली."

माळ छातीवर लोंबत हुती, वाळून काळी. आनि तिचं डोळं हळदीत बुडवल्यागत.

मी गेले त्याच्या दुसऱ्या दिशी तिला लगवी पिवळी झाली, उलट्या सुरू झाल्या. तिनं फडक्यातली एक माळ आपल्या हातानं डोक्यावर ठिवली. मिलिंदला सांगितलं. त्यो बी म्हनला, आईची माळ हाय म्हंजे झालं, आई आली की दवाखान्यात जाऊ. त्यो तरी काय करंल? जलमल्यापासनं दारात मानसं बरी होऊन नारळ घेऊन आलेली बगत आला.

तसंच रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात न्हेली. नाव सांगत न्हाय. तितल्या मानसांनी लई केलं तिच्यासाठनं, त्यांच्यावर माजं काय म्हननं न्हाय. एक तरनी डाक्टरीन हुती. रगात घेतलं, पोट तपासलं, रिपोर्ट आल्यावर आमाला बाजूला बोलावलं. म्हनली, गरोदरपणात ही कावीळ लिव्हरवर फार वेगानं जाते, चार दिवस कुठं होता तुम्ही? मिलिंद म्हनला, माळ घातली हुती मॅडम, उतरत हुती. डाक्टरीननं कागदावर कायतरी ल्हिलं आनि सिस्टरला हाक मारली. मी खाली बगत ऱ्हायले. माळ देनारी मीच, हे मी बोलले न्हाय.

दुसऱ्या दिशी नंदाला वार्डात सलाईन चालू हुतं. दुपारची येळ, खिडकीतनं ऊन तिच्या पायावर आलेलं. मी पाय वढून सावलीत घेतलं. ती माजा हात धरून म्हनली, "आत्या, ती मी माज्या हातानं घातली म्हनून गुन आला न्हाय मला. तुमी बांदा. तुमच्या हातानं बांदा."

हितं मी थांबते जरा.

...

खरं माज्या जिभंवर आलं हुतं. नंदे, त्यात काय न्हाय गं, काडी वाळती. चार शब्द. पन ते म्हनले आसते तर ती काय समजली आसती? चार दिस आपन फुकट घालवलं, पोटातल्या जिवासकट, आनि आत्याला सगळं ठाव हुतं. डाक्टरीन म्हनली हुती तिला शांत ठिवा. आनि तिचं ते डोळं. मी म्हनले, बांदते.

दवाखान्याच्या मागं सायकल स्टँडपाशी घेटुळी पसरली हुती. पिशवीत माज्या कायम एक रीळ आसतं, निळ्या दोऱ्याचं, टावेलाच्या पट्टीला लागतं ते. तितंच पायरीवर बसून बांदली. मी डावखुरी हाय, माजी गाठ उलटी पडती, दुसऱ्या कुनाची तशी पडत न्हाय. एकवीस तुकडं. गाठीम्होरं चार बोटं दोरा सोडला, कायम सोडते तसा. नंदाच्या डोक्यावर ठिवली आनि अंबाड्याच्या भोवतीनं बसवली, कुनाला दिसू नये म्हनून. चुंबळीएवढी हुती. ती म्हनली, आता बरं वाटंल बगा.

सासूची अट मी मोडली. तवा मला त्याचं काय वाटलं न्हाय. माळंत कायच न्हाय, तर अटीत काय आसनार?

सिस्टरनं सांजच्याला बगितली. आजी ही काय, म्हनून इचारलं. डाक्टरीन राऊंडला आली, तिनं बी अंबाड्याला हात लावून बगितलं. मला वाटलं काडून टाकंल. ती म्हनली, राहू द्या, पण औषध एक सुद्धा चुकवायचं नाही. मी म्हनले, न्हाय चुकनार बाई.

त्या दिसांत सोलापूरचं ऊन म्हंजे सांगाय नगं. धुनं पिळून टाकलं तर तासात कडक. दुसऱ्या दिशी दुपारपातुर माळ कपाळावर यायला पायजे. मी बगितली, तर जागची हलली न्हवती. देठ हिरवं, रसरशीत. मी म्हनले, घामानं आसंल. त्याच दिशी सांजच्याला नंदा म्हनाय लागली, आत्या, डोकं आवळतंय. सिस्टरला सांगितलं, त्यांनी गोळी दिली. मी अंबाडा सैल कराय गेले, तर माळ केसात रुतलेली. बोट आत जाईना. मी बांदली तवा माजी दोन बोटं सहज जात हुती. मला वाटलं केस फुगलं आसतील, तेल न्हाय, पानी न्हाय. मानसाचं मन कायतर कारन काडतंच.

तिसऱ्या दिशी ती वळखंना झाली. मिलिंदला कुनीतरी दुसराच समजून बोलाय लागली. मराठी गेलीच तिची, नुसती कानडी. "अव्वा, नीरू, अव्वा" – आई, पानी. कापूस वला करून मी वठाला लावायची. मिलिंद, जो जलमभर तिच्या कानडीची नक्कल करत आला, त्यो भित्तीकडं तोंड करून हुबा. डाक्टरीन म्हनली, लिव्हर थांबत चाललंय, रक्त गोठत नाहीये, ऑपरेशन करता येत नाही. मंग कळा आपआपच सुरू झाल्या. तिला आत न्हेलं. दुसऱ्या दिशी सकाळी आटच्या सुमाराला पोर झाली. जिवंत. आठव्या म्हैन्याची, चिमनीएवढी. सांगोल्याकडं माजं माह्यार, तितं बागंत डाळिंबं लागत्यात, तेवडं तिचं डोकं. तिला लगी काचंच्या पेटीत ठिवलं.

नंदाचं रगात थांबलं न्हाय. दुपारी बारा वाजता गेली.

सिस्टरनं मला आत बोलावलं. जोडवी, मनी काडून घ्या म्हनली, केस नीट करा. मी अंबाडा सोडला. माळ माज्या हातात आली.

ती ल्हान झाली हुती.

मी तुमाला जसं हाय तसं सांगते, एक शब्द वाढवत न्हाय. चुंबळीएवढी बांदलेली माळ माज्या तळहातात मावत हुती. देठ हिरवं. मला वाटलं कुनीतरी कापून परत बांदली. मी तितंच, नंदाच्या उशाला, तिचा एकेक तुकडा मोजला. एकवीस. दोरा निळा, कुटं बी तुटलेला न्हाय. गाठ एकच, डावखुरी, माजी. गाठीम्होरचं टोक चार बोटं. मंग मदला दोरा गेला कुटं? माळ वाढती ती फासातला दोरा सुटतो म्हनून. सुटलेला दोरा परत फासात जातोय व्हय? त्याला कुनीतरी एकेक फास उकलून, परत आवळून बसवाय पायजे. एकवीस फास. डोक्यावर, केसाच्या आत, मानूस पडलेलं आसताना. आनि मी तर तिच्या उशापासनं मुतारीला सोडून हलले न्हवते. आत न्हेल्यावर सिस्टर हुत्या, त्या रगात थांबवत हुत्या, त्यांना कुटली सवड.

मी माळ पदरात बांदली. मिलिंद दारात हुता, त्यानं बगितलं.

दुसऱ्या दिसापासनं पोर पिवळी पडाय लागली. डाक्टर म्हनले, दिवस पुरे नसलेल्या बाळांना होते, लाइटखाली ठेवू. काचंच्या पेटीवर निळा लाइट लावला. डोळ्यांवर पट्टी बांदलेली. तिसऱ्या दिशी सकाळी सांगितलं, काविळीचा आकडा वाढलाय, बगू. त्या दिशी दुपारी नंदाची राख सावडाय जायचं हुतं. मी बाकड्यावर बसले हुते. मिलिंद म्होरं येऊन हुबा ऱ्हायला. चार दिसांत त्याचं तोंड म्हाताऱ्यागत झालेलं.

"आये, माळ कुटं हाय?"

मी म्हनले, हाय.

"दे. सिस्टरला मी इचारतो. पोरीच्या डोक्याला बरूबर बसतीया ती. मी काचंतनं माप बगितलंय."

मी म्हनले न्हाय. त्यो म्हनला, आयुष्यभर परक्यांना दिलीस. मी म्हनले, न्हाय मिलिंदा. मंग त्यो म्हनला, नंदानं पोरीसाठनं ल्हान केली ती. एवडं कळंना व्हय तुला.

तवा मी चाळीस वर्सांचं बोलले. आवाज न चढवता, बाकड्यावर बसून. म्हनले, "त्यात काय न्हाय रं. काडी वाळती म्हनून माळ वाढती. खिळ्याला लावली तर खिळ्यावर बी वाढती. तुज्या बाला ठाव हुतं, मला ठाव हुतं."

त्यो माज्याकडं बगत ऱ्हायला. मला वाटलं आता हात उगारंल, आनि उगारला आसता तर मी काय म्हनले नसते. मंग हळू म्हनला –

"काडी वाळती. बरं. मंग ही ल्हान कशी झाली?"

पदर सोडून माळ दावली त्याला. नंदा जाऊन तिसरा दिस, तसलं ऊन, आनि देठं आताच तोडल्यागत. त्यो हात म्होरं करून हुबा हुता. मी दिली न्हाय. पदर परत आवळला.

त्याला मी म्हनले त्यात काय न्हाय. खरं कारन त्ये न्हवतं. मला भ्या वाटलं. आदी माळ आईच्या डोक्यात आवळत गेली, डोकं आवळतंय म्हनत ती गेली, आनि आता तीच माळ लेकराच्या मापाची. ती लेकराला सोडवाय आलीया का न्ह्याय आलीया, मला कसं कळावं? सासूनं का ते सांगितलं न्हवतं. अंगारा मोरीत टाकनाऱ्याची बायकू मी, आनि काडीच्या माळंला भ्याले.

दुपारी राख सावडाय गेलो. वरनं राख गार हुती, आत अजून धग. मिलिंद पान्याची घागर आनाय गेल्ता तवा मी माळ त्यात दाबली. वल्या लाकडागत तडतडली. मिलिंदनं आवाज ऐकला, वळून बगितलं, परत घागर भराय लागला.

पोर जगली. निळ्या लाइटखाली नऊ दिस ऱ्हायली, मंग आकडा उतरला, मंग दूध प्याय लागली. तिचं नाव संघमित्रा, आमी मित्रा म्हनतो. आता चार वर्सांची हाय. दानगट हाय लई. काल प्रज्ञाच्या मोबाईलवर दूध सांडलं तिनं.

मी माळ बांदायची सोडली. मानसं अजून बी यित्यात. मी त्यांना उंबऱ्यात बसवून सगळं सांगते, काडी, फास, दोरा, खिळा. काय जन ऐकत्यात, काय जन म्हनत्यात म्हातारीला आता द्यायची न्हाय म्हनून सांगती. पोटुशी बाई आसंल तर मी सोता रिक्षात बसून तिच्यासंगं दवाखान्यात जाते. त्या डाक्टरीनबाईंची बदली झाली, जायच्या आदी मी त्यांना सगळं सांगितलं. माळ देनारी मी, हे पन. त्या म्हनल्या, आजी, लवकर आणलं तरी काही वेळा वाचत नाहीत. मी म्हनले, काही येळा वाचत्यात बी की. माळ ल्हान कशी झाली ते त्यांना बी सांगता आलं न्हाय.

प्रज्ञा कालेजात सायन्सला हाय. ती म्हनली, आज्जी, घामाच्या वलीनं दोरा आकसला आसंल. मंग आमी दोघींनी करून बगितलं. माळ बांदून पान्यात ठिवली, मिठाच्या पान्यात ठिवली, वल्या केसात बांदून रात काडली. लई तर वाढायची थांबली. आकसली एकदा बी न्हाय. ती म्हनली तुला मोजायला चुकलं आसंल, दुःखात. आसंल बी. पन मिलिंदनं बी बगितली हुती. आता त्यो मित्राला आंगूळ घालताना तिच्या डोक्यावरनं हात फिरवतो आनि मदीच थांबतो, तेवडंच.

तुमच्यात शिकलेली मानसं हायत. कुनाला ठाव आसंल तर सांगा. मला पटंल आसं आजपातुर कुनी सांगितलं न्हाय.

पन प्रज्ञानं इचारलं, आज्जी, तुला भ्या कशाचं वाटतं, त्या आकसलेल्या माळंचं व्हय? मी म्हनले, न्हाय. ती कशी आकसली मला ठाव न्हाय, तर न्हाय. भ्या मला पैल्या माळंचं वाटतं, जी वाढली. ती का वाढली ते मला पक्कं ठाव हाय. मिलिंदनं मागं एकदा सांगितलं, मी केमला हुते त्या चार दिसांत नंदा रोज सकाळी उठली की आदी आरशाम्होरं जायची. आज माळ कुटपातुर आली ते बोटानं मोजायची. आनि त्याला आतनं हाक मारायची, ओ, बगा की, आज अजून उतरली.